छोटी गाडी तू का कबूल केलीस, विजू

विजू,

तुझ्या तेराव्याला आलेल्या माणसांना तुझ्याबद्दल काय बोलावं ते सुचत नव्हतं, म्हणून सगळी गाडीबद्दल बोलत होती. आपल्या बिल्डिंगचा जिना चढायचा म्हणजे आधी गाडी दिसतेच. "आता हिचं काय करणार?" असं मला पाच-सहा जणांनी तरी विचारलं. तळमजल्यावरच्या काकूंनी तर ताटावर बसल्या बसल्या विचारलं, "पडद्यांचं कापड कुठून आणलंत हो?" मी सांगितलं, उल्हासनगरहून. विजूने निवडलं, तेही सांगितलं. पुढचं काही सांगितलं नाही. पुढचं जे आहे ते तुझ्याशी बोलायचं आहे.

मी तुझ्यावर रागावले आहे. आधी वाटलं, रडून झालं की जाईल. रडून झालं, राग आहे तिथेच आहे. लोक माझ्या पाठीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "दोघी जावा, पण सख्ख्या बहिणींसारख्या राहिलात." मी मान हलवते. मनात म्हणते, सख्ख्या बहिणीने असं केलं नसतं.

तू माझी धाकटी जाऊ. मी कळव्याच्या त्या दहा बाय बाराच्या खोलीत आले, आणि माझ्यानंतर तीन वर्षांनी तू आलीस. सात माणसं होतो आपण तिथे. कुणाचं डोकं कुणाच्या पायाशी असायचं ते रोज ठरायचं नाही, जो आधी आडवा होईल त्याची जागा. संडास चाळीच्या टोकाला, चौदा बिऱ्हाडांत दोन, आणि त्यातल्या बायकांच्या संडासाची कडी तुटलेली. पहाटे रांग लागायच्या आधी आपण दोघी जायचो. आधी मी आत, तू बाहेरून दार धरून उभी. मग तू आत, मी बाहेर. लग्न करून आलेल्या मुलीने जावेशी पहिली ओळख कशी करून घ्यावी याच्या काय काय पद्धती असतील, आपली ही होती. हळदीचा रंगही उतरला नव्हता तुझा. तू आतून म्हणायचीस, "वहिनी, आहात ना?" मी म्हणायचे, "आहे गं, कर सावकाश."

आणि त्याच विजूने मला हे सांगितलं नाही.

थांब, मी पुढे पळतेय. तू नेहमी म्हणायचीस ना, वहिनी, तुमची गोष्ट म्हणजे शेवट आधी आणि माणसांची नावं मागाहून.

तर गाडी. आपण सतरा वर्षं शाळेची व्हॅन चालवली. म्हणजे चालवायचे मी, सांभाळायचीस तू. डोंबिवली पूर्वेच्या गल्ल्यांतून अकरा पोरं उचलायची, शाळेत सोडायची, परत आणायची. मी सातवी पास बाई, लायसन्सचा फॉर्म तू भरून दिलास, परीक्षेतल्या खुणा तू माझ्याकडून पाठ करून घेतल्यास, भाजी निवडता निवडता. "वहिनी, लाल गोल आणि आडवी पांढरी पट्टी?" "आत जायचं नाही." "त्रिकोणात मुलं?" "हळू." मी पास झाले त्या दिवशी तू माझ्यापेक्षा जास्त खूश होतीस. आणि दोघींची माणसं गेल्यावर त्याच गाडीने आपल्याला सावरलं. माझे हे गेले तेव्हा तू महिनाभर तुझ्या घराला कुलूप लावून माझ्या शेजारी झोपलीस. डोंबिवलीत आपली समोरासमोरची दारं, पण मला एकदाही विचारलं नाहीस की येऊ का. उशी घेऊन आलीस आणि झोपलीस. हे मी विसरलेले नाही. राग आहे म्हणून हे खोटं होत नाही.

टाळेबंदीत शाळा बंद पडल्या आणि आपली व्हॅन विकली गेली. मग एक दिवस तूच काढलंस, "वहिनी, सतरा वर्षं दुसऱ्यांच्या पोरांना फिरवलं. आता आपल्याला कोण फिरवणार? आपणच." झोपायची सोय असलेली गाडी करून घ्यायची, कोकणात उतरायचं, माहेरच्या गावावरून जायचं पण कुणाकडे राहायचं नाही, कुणाला आपल्यासाठी गाद्या काढायला लावायच्या नाहीत. माझा मुलगा बंगळुरूहून फोनवर म्हणाला, "आई, या वयात?" मी म्हटलं, या वयातच, पुढच्या वयात नाही जमणार. फोन ठेवल्यावर आपण दोघी किती हसलो.

शीळ रस्त्यावरच्या रफिकभाईंकडे गेलो. ॲम्ब्युलन्स, शाळेच्या गाड्या, आइस्क्रीमच्या गाड्या असं सगळं ते आतून बांधून देतात. आपली जुनी व्हॅनही त्यांनीच बांधलेली. त्यांनी चहा मागवला आणि आपल्याला असं काही समजावलं की मी आजही शब्दन् शब्द सांगेन. "मावशी, गाडी म्हणजे अंथरूण छोटं आणि पाय चार. एक इंच इकडे दिला की तिकडून एक इंच जातो. आत उभं राहायचंय? मग छप्पर उंच. छप्पर उंच केलं की घाटात वाऱ्याने डुलणार आणि तुमच्या सोसायटीच्या कमानीतून आत येणार नाही. दोन वेगळे पलंग पाहिजेत? मग लांबी अठरा फूट. अठरा फूट झाली की वळवणार कुठे, लावणार कुठे? संडास पाहिजे तर पाण्याची टाकी एक, मैल्याची टाकी एक. वजन वाढलं, डिझेल वाढलं, आणि ती टाकी रिकामी कुणीतरी करायची. छोटी घेतली तर कुठेही घुसेल, कुठेही लागेल, पण आत बसून राहायचं, वाकून कपडे बदलायचे, चूल मागचं दार उघडून बाहेर. आता तुम्ही बोला, कमी काय पडलेलं चालेल?"

मी लगेच म्हटलं, छोटी. आपण चालवायचो तसलीच. तू म्हणालीस, "मोठी. संडासवाली."

मला वाटलं गंमत करतेयस.

मग वर्षभर आपण भांडलो. आणि खरं सांगते, मला ते भांडण आवडत होतं. सकाळी दूध आणायला दार उघडलं की तू समोरून, "वहिनी, अडुसष्टाव्या वर्षी वाकून परकर बदलणार तुम्ही? कंबर धरली की मी सोडवणार नाही." मी, "आणि अठरा फुटांची ती बोगी रिव्हर्स घेताना मागे कोण उभं राहणार, तू? शिट्टी वाजवत?" तू, "वाजवीन की. सतरा वर्षं काय वाजवलं मग?" मी म्हणायचे, कळव्याला सात जण झोपलो, आता दोघींना सहा बाय चार पुरत नाही? तू म्हणायचीस, तेव्हा पुरत होतं असं कोण म्हणतं, तेव्हा दुसरं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी नवीन मुद्दा घेऊन यायचे. मी तुला महाराणी म्हणायला लागले. "काय महाराणी, राजवाड्याचं काय ठरलं?" तू हसायचीस.

मधेच तू चार दिवस लेकीकडे, मेघाकडे ठाण्याला गेलीस. नातवाची परीक्षा आहे, म्हणालीस. मी तुझ्याबरोबर बेसनाचे लाडू दिले. मग दोन महिन्यांनी परत गेलीस. परत लाडू.

आता त्या गच्चीवरच्या रविवाराबद्दल. कागदावरची मापं बघून दोघींचं समाधान होईना, म्हणून तूच म्हणालीस, गच्चीवर खडूने दोन्ही गाड्या आखू, खऱ्या मापाच्या, आणि बसून बघू. दुसऱ्या मजल्यावरच्या शिंप्याकडून टेप आणली. आधी छोटी आखली, मग तिच्या शेजारी मोठी. चटया घातल्या, स्टोव्ह ठेवला, पाण्याची कळशी ठेवली, भिंतीला टेकवून माझा लंगडा बाळकृष्ण ठेवला, कारण देव कुठे बसणार तेही बघायला हवं. पापड वाळत घालायला आलेल्या बायका बघत होत्या. एकीने विचारलं, "काय हो, लंगडीपाणी का?" तू म्हणालीस, "नाही, कोकण."

मग तू मोठ्या गाडीत गेलीस, मागच्या कोपऱ्यात एक प्लास्टिकचं स्टूल ठेवलंस आणि म्हणालीस, "हा संडास."

मी ते स्टूल उचललं आणि रेषेच्या बाहेर ठेवलं. तू परत आत ठेवलंस. मी परत बाहेर. दोघी हसत होतो तोवर. मग तू स्टुलावर बसलीस आणि म्हणालीस, "वहिनी, थट्टा पुरे. मला हा पाहिजे."

मी म्हटलं, "आणि स्टोव्ह कुठे आहे ते बघ. हाताच्या अंतरावर. इथे शिजवायचं, इथे देव, आणि इथे ते. कुणाच्या घरात असतं असं?"

"नव्या फ्लॅटांत असतंच की. मेघाकडे स्वयंपाकघराला लागूनच आहे."

"मधे भिंत आहे. इथे पत्रा. जिथे अन्न शिजतं तिथे कुणी ती घाण बरोबर घेऊन बसत नाही, विजू. माझ्या गाडीत तर नाहीच."

तू स्टुलावरून उठली नाहीस. म्हणालीस, "आणि एखाद्या माणसाचा इलाजच नसला तर?"

मी वाकून स्टोव्ह सरळ करत होते. तुझ्याकडे बघितलंही नाही. म्हटलं, "इलाज नसला तर माणसाने घरी बसावं."

तू उठून खाली गेलीस. थोड्या वेळाने बादली आणलीस आणि मोठी गाडी पुसायला घेतलीस. मला वाटलं पापडवाल्या बायकांना जागा करून देतेयस.

त्याच्या दोन दिवसांनी, मंगळवारी, तू मेथी निवडत माझ्या ओट्याशी बसली होतीस आणि अगदी सहज म्हणालीस, "वहिनी, तुमचंच बरोबर. छोटीच घेऊ." मी म्हटलं, "आणि संडास?" तू म्हणालीस, "पेट्रोल पंप असतात की. झाडं असतात. आपल्याला काय नवीन आहे?"

मी जिंकले होते. वर्षभर भांडून जिंकले. त्या आनंदात संध्याकाळी मी पेढे आणले, तुला एक भरवला आणि रफिकभाईंना फोन लावला. हे आता आठवलं की माझं मलाच कसंतरी होतं. तू तो पेढा खाल्लास गं.

गाडी आली. तू पडदे शिवलेस, आत टांगायच्या पिशव्या शिवल्यास, चमचे खडखडू नयेत म्हणून फ्लॅनेलच्या खोळी केल्यास. पाडव्यानंतर आपण चाचणी म्हणून एका मुक्कामाला निघालो, मुरबाडच्या पुढे, नदीकाठी. गाडी लोण्यासारखी चालत होती. कल्याणच्या बाहेर पडेपर्यंत तू एकदा थांबायला सांगितलंस. मुरबाडच्या अलीकडे दुसऱ्यांदा. मग पुढच्या पंपावर तिसऱ्यांदा. तिथला संडास बंद होता, किल्ली असलेला माणूस जेवायला गेलेला. तू त्या पंपामागे फिरत राहिलीस आणि मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसले. तू आलीस तेव्हा मी म्हणाले, आणि मोठ्याने म्हणाले, तिथला हवा भरणारा माणूसही हसला, "अगं, अकरा पोरांना निघताना सांगायचीस ना, शू करून या, शू करून या? आता तुला कुणी सांगायचं?"

तूही हसलीस. "वय झालं, वहिनी," म्हणालीस. आणि त्यानंतर दिवसभर पाणी प्यायली नाहीस. आत्ता मला ती बाटली दिसते, झाकणापर्यंत भरलेली, तुझ्या पायाशी लोळणारी. तेव्हा नाही दिसली.

सकाळी मला जाग आली तर तू बाहेर नदीकडे तोंड करून, चादर गुंडाळून दगडावर बसली होतीस. मी विचारलं, कधीपासून? म्हणालीस, "उजाडताना बघायचं होतं." मी चहा टाकला. तू म्हणालीस, किती शांत आहे नाही? आपण अजून चार ठिकाणांची नावं काढली. दापोली. गुहागर. तू मान डोलवत होतीस. सगळ्या नावांना हो म्हणत होतीस.

त्यानंतर साडेतीन महिन्यांत तू गेलीस.

मला कळलं ते कसं, ते ऐक. ठाण्याच्या हॉस्पिटलात, तुझ्या नाकातोंडात नळ्या घातल्यावर. तू डोळे मिटून होतीस, बोलणं थांबलं होतं. डॉक्टर बाहेर आले, तरुण मुलगा होता, दमलेला. मेघाला म्हणाला, "दीड वर्ष उपचार चालू होते, आम्ही पिशवी काढू या म्हणालो होतो. तेव्हा वेळ होता." मी त्या मुलाकडे बघितलं. मग मेघाकडे. तुझी लेक, जिला मी अंगाखांद्यावर वाढवली, ती फरशीकडे बघत होती.

"दीड वर्ष?" मी म्हटलं.

"काकी, आईने शपथ घातली होती."

लघवीच्या पिशवीत गाठ. रक्त जात होतं. नातवाची परीक्षा म्हणून गेलीस तेव्हा आतून खरवडून काढली होती. दुसऱ्यांदा गेलीस तेव्हा परत आलेली दिसली. माझे लाडू हॉस्पिटलातल्या नर्सनी खाल्ले, मेघा म्हणाली, खूप आवडले त्यांना. मला हे ऐकवायचं कारण काय होतं तिला, देव जाणे. मग म्हणे डॉक्टर म्हणाले, पूर्ण पिशवीच काढायची, पोटावर भोक ठेवायचं, आणि बाहेरून प्लास्टिकची पिशवी लावायची लघवीसाठी. कायमची. गुरुवारी सांगितलं त्यांनी हे. मेघाला वार पक्का आठवतो, तिने सुट्टी टाकली होती.

गुरुवारी तुला हे सांगितलं. रविवारी आपण गच्चीवर होतो. मंगळवारी तू म्हणालीस छोटीच घेऊ. आणि पुढच्या आठवड्यात तू डॉक्टरांना सांगितलंस, ऑपरेशन नको.

आता बोल, विजू. मी रोज हे वार बोटांवर मोजते. गुरुवार, रविवार, मंगळवार. मेघाला मी विचारलं, सरळच विचारलं, तिच्या स्वयंपाकघरात, "मी जे बोलले त्याच्यामुळे नाही म्हणाली का ती?" मेघाने मला पुरतं बोलूही दिलं नाही. "नाही काकी, छे, तुमचं काय त्यात? आईचं हृदय कमजोर होतं, भूल सोसेल की नाही ते माहीत नव्हतं. तिला चिरफाड नकोच होती." इतक्या घाईने म्हणाली. तिची कढई गॅसवर करपत होती तरी तिने माझा हात सोडला नाही. पोरगी चांगली आहे. पण तिला तरी काय माहीत? तू तिलाही सगळं सांगितलं असशील असं मला वाटत नाही.

ज्या बाईचा इलाज नव्हता तिला मी घरी बसायला सांगितलं. मला माहीत नव्हतं. मला माहीत नव्हतं हे मी कुणाला सांगू? तू माहीत असून मला ते बोलू दिलंस. एक शब्द बोलली असतीस तर मी तो स्टोव्ह गच्चीवरून खाली फेकला असता. तू उठून बादली आणायला गेलीस. माझ्या तोंडून ते वाक्य गेलं आणि तू ते घेऊन गेलीस, आणि मला पेढे वाटायला मागे ठेवलंस. पंपावर मी चार माणसांत तुझी चेष्टा केली. आजारी माणसाची चेष्टा करणारी बाई मी नव्हते, विजू. तू मला तशी केलीस. मला न विचारता केलीस.

मेघाने अजून एक सांगितलं. तिने तुला विचारलं होतं, काकीला का नाही सांगायचं? तू म्हणाली होतीस, "वहिनींना कळलं तर त्या मला गाडीत बसवणार नाहीत, गादीवर बसवतील. माझ्याशी भांडणार नाहीत. सगळे हळू आवाजात बोलतील, त्याही हळू आवाजात बोलतील. मला अजून थोडे दिवस भांडायचं आहे."

हे खरं आहे. म्हणजे मी तशीच वागले असते. गाडीचं नाव काढलं नसतं, तुझ्या उशाशी बसून मऊ भात भरवला असता, तुला महाराणी म्हटलं नसतं. तू मला ओळखत होतीस. ते वर्ष माझ्या आयुष्यातलं चांगलं वर्ष होतं, आणि ते तू मला दिलंस, मला कळतंय. रोज सकाळी दार उघडताना आज काय बोलायचं याची तयारी करून उघडायचे मी. ते मी परत देणार नाही. पण ते दोघींचं वर्ष होतं ना? मग त्यातलं निम्मंच मला का दाखवलंस? मी हसत होते तेव्हा तू काय करत होतीस? हसत होतीस की हसवत होतीस? आता प्रत्येक गोष्ट मला परत तपासावी लागतेय. नदीकाठचा तो चहासुद्धा. मला वाटत होतं आपल्या दोघींत काही झाकलेलं नाही. चव्वेचाळीस वर्षांनी मला कळलं की झाकलेलं कधी ठेवायचं ते तू एकटी ठरवत होतीस.

काल मेघा गाडी बघायला आली होती. विकायची का, असं हळूच विचारत होती. मी म्हटलं, थांब दोन दिवस, मला आत जाऊन बघू दे. तू गेल्यापासून मी दार उघडलं नव्हतं. ती वर गेल्यावर मी किल्ली घेतली आणि आत शिरले. दुपारची वेळ, आत तापलेलं होतं. पलंगाच्या फळ्या आडव्या टाकल्या, गादी पसरली. मुरबाडला मी दाराकडच्या बाजूला झोपले होते. तेव्हा मीच म्हटलेलं, मी ड्रायव्हर, काही झालं तर मला आधी उठावं लागेल, तू आत भिंतीकडे झोप. काल मी तुझ्या बाजूला झोपून बघितलं. भिंतीकडे.

मग उठायला गेले. उठता येईना. दाराकडे जायचं तर मधे मी. म्हणजे त्या रात्री मी तिथे आडवी पसरलेली असणार, घोरत, हातपाय टाकून. मला ओलांडल्याशिवाय दार नाही. मागचं दार आतून उघडत नाही. मग कशी गेली असशील? मी इकडेतिकडे बघितलं आणि मला एकच वाट दिसली. डोक्याकडच्या बाजूने, पुढच्या दोन सीटच्या मधून, गिअरच्या दांड्यावरून, आणि ड्रायव्हरच्या दाराने बाहेर. मी तशी गेले काल. पासष्टीच्या बाईने कसं जायचं ते बघायला गेले. गुडघा सीटच्या पाठीवर, हात छताला, डोकं दोनदा आपटलं, गिअर नडगीला लागला. निवांत दुपारी, कसलीही घाई नसताना, मला तीन-चार मिनिटं लागली.

मुरबाडहून परतताना तुझ्या नडगीवर काळानिळा डाग होता. मी विचारलं तर म्हणालीस, नदीतल्या दगडाला ठेचकाळले.

किती वेळा गेलीस तू तशी? दोनदा? पाचदा? आणि शेवटी परत आत यायचंच नको म्हणून बाहेर दगडावर बसून राहिलीस, आणि मला म्हणालीस उजाडताना बघायचं होतं. मला जाग येऊ नये म्हणून आवाज न करता, दुखत असताना, अंधारात चाचपडत. मी कोण होते गं तुझी? मी तुझ्यासाठी दार धरून उभी राहिलेली बाई आहे. माझी झोप मोडू नये एवढी परकी मी कधी झाले?

मी ड्रायव्हरच्या सीटवर बसून राहिले बराच वेळ. पडदे सगळे ओढलेले. वरून मेघा हाक मारत होती, काकी, चहा झालाय. मग मागे वळले आणि त्या रिकाम्या गादीकडे बघून म्हटलं, मोठ्याने म्हटलं, कुणी ऐकलं असेल तर ऐको. म्हटलं, विजू, "वहिनी, जरा सरका," एवढंच म्हणायचं होतंस. मी बडबडले असते. झोपेत दोन शब्द लागतील असे बोललेही असते. पण सरकले असते गं. मी सरकले असते.